बत्ताशावरची घंटा

पाणी वरून खाली येतं, यात जयसिंगराव शेंडग्यांना काही गैर वाटत नव्हतं. पण ते आठले मास्तरांच्या नळातून निघून आपल्या आजोबांच्या पगडीच्या रोखाने यावं, याला मात्र त्यांची सक्त हरकत होती. आणि ही हरकत ते ज्याला त्याला, मोठ्या आवाजात, न विचारता सांगत.

इंदूरच्या स्नेहलतागंजात नानासाहेबांच्या दुमजली घरात खाली जयसिंगराव आणि इंदिराबाई, वर लक्ष्मीकांत आठले मास्तर आणि प्रेमलताबाई, मागच्या दोन खोल्यांत स्वतः घरमालक नानासाहेब, अशी वस्ती होती. जयसिंगराव सहकार खात्यात हेडक्लार्क होते. पण हा झाला पोटापाण्याचा मामला. खरे ते होळकरांच्या पागेवरचे जमादार तुकोजी शेंडगे यांचे नातू. संस्थान गेलं, मध्यभारत आला नि गेला, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळने पळवली, आणि शेंडग्यांकडे उरली एक पगडी. दरबारी बांधणीची, जरीकाठाची, तलम कापडाचे पेच एकावर एक बसवून खळीने घट्ट केलेली. तसली पगडी बांधणारे हात आता शहरात शोधून सापडत नव्हते. ती एकदा भिजली की खळ सुटणार, पेच ढिले पडणार, आणि घराण्याच्या इभ्रतीचं पोतेरं होणार.

दर दसऱ्याला ती पगडी घालून जयसिंगराव राजवाड्यावर जुन्या दरबारी मंडळींत जाऊन उभे राहत. एरवी वर्षभर ऑफिसात साहेब त्यांना 'शेंडगे, वह फाइल' एवढंच म्हणे. दसऱ्याच्या सकाळी मात्र लोक त्यांना 'या जमादारसाहेब' म्हणत. त्या एका सकाळीवर ते उरलेलं वर्ष काढत. घराण्याचा रिवाज असा, की पगडी आपल्या हाताने चढवायची नाही. वयाने मोठ्या माणसाने ती डोक्यावर ठेवायची आणि घालणाऱ्याने मान वाकवायची. वडील गेल्यापासून हे काम नानासाहेब करत. आणि दसऱ्याखेरीज पगडीची पेटी उघडायची नाही, हाही रिवाजच.

ही पेटी शिसवी कपाटाच्या माथ्यावर असे, आणि कपाटाच्या नेमकं वर आठल्यांची मोरी होती.

आता इंदुरातल्या नळांबद्दल थोडं सांगायला हवं. नळाला पाणी पहाटे केव्हा तरी यायचं. केव्हा, ते पाणीखात्यालाही ठाऊक नसे. म्हणून सगळं शहर रात्री नळ उघडा टाकून त्याखाली रिकामी बादली ठेवून झोपे. पाणी आलं की बादली तडतड वाजे, घरातलं कोणी तरी शिव्या देत उठे आणि पाणी भरी. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही सोय. तिच्यात खोट एकच, की झोपणारा माणूस निदान माणसासारखा झोपणारा हवा. आठले मास्तर आणि प्रेमलताबाई झोपले की झोपले. बादली वाजून वाजून भरे, भरून वाहे, मोरीचा उंबरा ओलांडून पाणी खोलीत फिरे, आणि फरशीच्या भेगांतून जयसिंगरावांच्या छताला ओल धरे.

एका पहाटे पहिला थेंब पेटीच्या झाकणावर पडला. जयसिंगराव तिथूनच ओरडत वर गेले.

"मास्तर! वर तुम्ही नर्मदा आणली आहे का?"

आठले मास्तर डोळे चोळत म्हणाले, "सॉरी हं रावसाहेब. ते काय है ना, झोप जरा पक्की आहे आमची."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने लगेच सॉरी म्हणावं, यासारखा अपमान नाही. जयसिंगराव तसेच खाली आले आणि उरलेला राग त्यांनी इंदिराबाईंवर काढला.

इंदिराबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, पेटीच दुसरीकडे ठेवा ना. पलंगाखाली बरीच जागा आहे."

"पलंगाखाली!" जयसिंगराव कडाडले. "तुकोजी जमादारांनी छावणीच्या रस्त्यावर रेसिडेंटसाहेबाच्या बग्गीला वाट दिली नव्हती. साहेबाचा शिपाई म्हणाला, बाजूला व्हा. आजोबा म्हणाले, ही पगडी बाजूला होत नाही. जी गोऱ्या साहेबासाठी सरकली नाही, ती आता आठल्याच्या बादलीसाठी सरकेल?"

ही गोष्ट इंदिराबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकली होती आणि त्यानंतर तिला खंड नव्हता. त्यांनी पोळी उलटली.

मग जयसिंगराव मागे नानासाहेबांकडे गेले, की छत दुरुस्त करून द्या. नानासाहेबांनी सुपारी कातरत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरमालक इतकं शांतपणे ऐकू लागला की समजावं, पैसा सुटणार नाही. "हे बघा भिया," ते म्हणाले, "छताला हात लावला की सगळंच खाली येतं. जुना माल आहे. त्यापेक्षा असं काही तरी करा की पाणी वर सांडताच तुम्हाला खबर लागेल. आजकाल बिजलीवर सगळं होतं." आणि एवढं बोलून, दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला लावून, ते पुन्हा सुपारीकडे वळले.

पण ही गोष्ट जयसिंगरावांच्या डोक्यात बसली. घंटा! पाणी सांडलं की वाजणारी घंटा! छत फुटकं राहो, नळ उघडा राहो, मास्तर मुडद्यासारखे झोपोत. घंटा वाजली की आपण वर जाणार, नळ बंद करणार आणि मास्तरांच्या सॉरीवर थुंकून खाली येणार. पगडी जागची हलणार नाही.

सरळ माणूस असल्याने ते आधी परवानगी काढायला वीज खात्यात गेले. ही त्यांची पहिली चूक. खिडकीपलीकडच्या बाबूने अर्ज उलटसुलट पाहिला.

"घंटी किस प्रयोजन से?"

"पानी सांडलं की... मतलब, पानी गिरे तो बजेगी."

"मंदिर है?"

"मंदिर नहीं, घर है! ऊपरवाले का पानी है, नीचे मेरा घर है."

"तो तार ऊपर जाएगा, और मीटर नीचे आपका." बाबूने टाक खाली ठेवला. "यानी आप अपनी बिजली दूसरे को सप्लाई करेंगे. आप बिजली कंपनी हैं क्या?"

जयसिंगरावांनी आवाज चढवला. तुकोजी जमादार, रेसिडेंटची बग्गी, सगळं निघालं. बाबूने अदबीने ऐकलं आणि सांगितलं की चोराच्या घंटीचा नियम आहे, आगीच्या घंटीचा आहे, पाण्याच्या घंटीचा नाही. तेव्हा भोपाळला विचारावं लागेल. भोपाळचं नाव निघताच जयसिंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंदुरात माणसाच्या डोक्यावर थेंब पडणार आणि त्याने ओलं व्हावं की नाही ते भोपाळ ठरवणार! अर्ज फाडून त्याचे तुकडे बाबूच्याच टेबलावर टाकून ते बाहेर पडले. ते तुकडे पाहून बाबूने शिपायाला हाक मारली, आणि सरकारी टेबलावर कचरा टाकल्याबद्दल जयसिंगरावांना ते एकेक करून उचलावे लागले.

तिथून ते थेट पोलोग्राउंडला गेले. तिथे शरद नावाचा एक मेकॅनिक होता. मोटारीच्या बॅटऱ्यांपासून आटाचक्कीपर्यंत तो सगळं उघडायचा; पुन्हा बंद होईलच अशी हमी मात्र देत नसे.

"परमिशन कशाला, साहेब?" शरद म्हणाला. "मोटारीच्या पुरान्या बॅटरीवर चालवू. भोपाळलाच काय, दिल्लीलाही कळणार नाही."

त्याने कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घेतला. त्याच्या दोन्ही जबड्यांत पितळी खिळे ठोकले, खिळ्यांना तारा जोडल्या आणि जबड्यात एक बत्ताशा धरला. "हा मोरीच्या उंबऱ्याशी जमिनीवर ठेवायचा. पाणी आलं की बत्ताशा विरघळला. बत्ताशा विरघळला की चिमटा बंद, खिळ्याला खिळा लागला, आणि खाली तुमच्या घरात घंटी. बोला!"

जयसिंगराव खूश झाले. घंटा मात्र बाजारात मिळते तसली किरकिरी नको, असं त्यांनी बजावलं. शरदने मान डोलावली आणि सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातली, पाळी सुटताना वाजवायची काढून टाकलेली घंटा आणून त्यांच्या भिंतीवर ठोकली. तिच्या पहिल्या आवाजाला इंदिराबाईंच्या हातचं तुपाचं भांडं पडलं.

वरच्या मजल्यावर चिमटा बसवायला आठले मास्तर हरकत घेतील, मग आपण चांगलं बोलून घेऊ, अशी जयसिंगरावांनी पूर्ण तयारी केली होती. मास्तर म्हणाले, "लावा ना, लावा. आमचं काय जातं?" आणि चहाही दिला. जयसिंगरावांना तो कडू लागला.

दुसऱ्याच दुपारी घंटा वाजली. जयसिंगराव ऑफिसात होते. सगळी गल्ली जमा झाली. कोणी बादल्या घेऊन आलं, कोणी वाळू. समोरचा कचोरीवाला कढई उतरवून धावला. 'आग कहाँ है?' 'आग नाही, पाणी आहे.' 'पाणी कुठंय?' पाणी कुठेच नव्हतं. बत्ताशा मुंग्यांनी खाल्ला होता.

मग सल्ल्यांना ऊत आला. फुकट सल्ला देण्यात इंदुरी माणसाचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. कोणी म्हणालं, मिठाचा खडा लावा. लावला, हवेतच ओलावा, खड्याला पाणी सुटून घंटा वाजली. नानासाहेब म्हणाले, खडीसाखर लावा. लावली, ती इतकी चिवट निघाली की पाणी छतापर्यंत आलं तरी घंटा गप्प, आणि पेटीच्या झाकणावर पुन्हा थेंब. शेवटी बत्ताशाच कायम झाला आणि चिमट्याभोवती मुंग्यांच्या पावडरीचं रिंगण घातलं. रोज नवा बत्ताशा लागे म्हणून इंदिराबाई पिशवीभर बत्ताशे आणून ठेवू लागल्या.

आता घंटा ठीक चालू लागली. म्हणजे पहाटे ती कर्कश कोकले, जयसिंगराव धोतर सावरत जिना चढत, मास्तरांच्या दारावर लाथा घालत, नळ बंद करत, चिमट्यात नवा बत्ताशा खोचत आणि दात-ओठ खात खाली येत. चार दिवस ठीक वाटलं. पण पूर्वी हे पाणी महिन्यातून एकदा-दोनदा सांडायचं, ते आता जवळजवळ रोज सांडू लागलं. नळाचा जोर वाढला असावा, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

एका सकाळी ऑफिसला निघताना कचोरीवाल्याने त्यांना हटकलं.

"क्या भिया, कल घंटी नहीं बजी?"

"नहीं बजी. का?"

"हमारा पूरा पानी निकल गया! आपके भरोसे सोते हैं यार. ऐसा मत किया करो."

जयसिंगराव भर रस्त्यात उभे राहिले. इतका मोठा अन्याय ध्यानात यायला जरा वेळ लागतो. मग ते तसेच मागे फिरले, जिना चढले आणि आठल्यांच्या मोरीत डोकावले. नळ उघडा होता. त्याखाली काही नव्हतं. बादली कोपऱ्यात पालथी घातलेली होती.

"मास्तर! बादली का काढली?"

आठले मास्तर दाढी करत होते. "अहो, बादलीचा आवाज बारीक. आम्हाला कुठे जाग येते त्याने? तुमची घंटी कशी खणखणीत वाजते! तेव्हा म्हटलं, बादली हवी कशाला? उलट बादलीमुळे उशीर होतो. आधी ती भरणार, मग सांडणार, मग घंटी. आता कसं, पाणी आलं की सीधं फरशीवर, बत्ताशा गेला, घंटी वाजली, की तुम्ही येताच. परवा रात्री नळ उघडायला विसरलो, तेवढा एक खाडा पडला."

"मी येतो! मी येतो?" जयसिंगरावांच्या तोंडाला फेस आला. "मी काय तुमचा भिस्ती आहे? माझ्या पैशाची घंटा, माझी बॅटरी, माझे बत्ताशे, आणि ती वाजावी म्हणून तुम्ही माझ्याच डोक्यावर पाणी सोडता!"

"रावसाहेब, जरा वयाचा तरी मान ठेवा," मास्तर साबणाच्या फेसातून म्हणाले.

"कसलं वय? तुम्ही माझ्याच बरोबरीचे!"

"नाही हो भावजी," प्रेमलताबाई आतून म्हणाल्या, "हे दोन वर्षांनी मोठे आहेत तुमच्यापेक्षा. इंदिराताईंनी सांगितलंय ना."

म्हणजे घरचं माणूसही फितूर. जयसिंगराव खाली आले ते धुमसतच. दिवसभर ऑफिसात त्यांनी तीन फायली चुकवल्या. दुसऱ्या दिवशी दसरा होता. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी बॅटरीच्या दोन्ही तारा उपटल्या. कोणाला सांगितलं नाही. 'वाजवा म्हणावं आता. झोपा सगळे. सगळ्या गल्लीचं पाणी जाऊ दे, तेव्हा शेंडग्यांची किंमत कळेल.' आणि पगडी? त्याचा विचार त्यांनी केला होता. सणाचा दिवस, आपण पहाटेच उठणार, स्वतः वर जाऊन नळ बंद करणार. रागाने त्यांना किती तरी वेळ झोप आली नाही, आणि मग अशी लागली की आठले मास्तरांनीही मान खाली घालावी.

जाग आली ती उन्हाने, आणि टपटप आवाजाने.

वर नळ मोकळा सुटला होता. घंटेच्या भरवशावर घर झोपलं होतं, गल्ली झोपली होती. छताला सगळीकडून पाझर फुटला होता, आणि मधली सगळ्यात मोठी धार पेटीवर पडत होती. जयसिंगराव स्टुलावर चढले. पेटी खाली उतरवताना आतून पाणी हिंदकळलं. दसरा होता, तेव्हा उघडायला हरकत नव्हती. त्यांनी झाकण उघडलं.

आत चिकट, पांढरट पाणी होतं आणि त्यात एक कापडाचा गोळा.

खळ सुटली होती. जयसिंगराव मटकन जमिनीवर बसले. तुकोजी जमादार गेले, वडील गेले, संस्थान गेलं, ते सगळं त्यांनी पाहिलं होतं. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या हातून झालं होतं. दोन तारा उपटल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याचाच इतका राग आला की त्यांनी ते पुसलंही नाही.

इंदिराबाई दारात उभ्या होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती खळ नाही. पाक आहे."

"काय?"

"बत्ताशे ठेवले होते त्यात. मुंग्या लागू नयेत म्हणून. आणि पेटी हलकी लागू नये म्हणून तुमचं जुनं धोतर घातलं होतं."

"आणि पगडी? पगडी कुठाय?"

इंदिराबाईंनी वर बोट दाखवलं. "प्रेमलतांच्या फडताळात. गणपती उठले त्या दिवशीच नेऊन ठेवली. म्हटलं, घरात कुठेही पाणी गळलं तरी ते वर काही चढत नाही."

जयसिंगरावांनी गोळा उचलून उलगडला. धोतरच होतं. "म्हणजे गणपती उठल्यापासून मी काय राखत होतो?"

"बत्ताशे," इंदिराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यावर पचपच पावलं वाजली. आठले मास्तर खाली आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि दोन्ही हातांवर, छातीशी न टेकवता, उंच धरलेली पगडी. तिच्यावर थेंबाचा डाग नव्हता. मागे प्रेमलताबाई, आणि मागच्या खोल्यांतून भिंत धरत आलेले नानासाहेब. नानासाहेबांच्या तोंडाकडे पाहताच जयसिंगरावांना कळलं की यांनाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"रावसाहेब, आज घंटी नाही वाजली हो," मास्तर म्हणाले. "पाय ओले झाले तेव्हा जाग आली. पहिली हिला उचलली, मग नळ बंद केला. हात धुऊन पुसूनच घेतलीय, हं."

जयसिंगरावांच्या तोंडी एका वेळी इतक्या शिव्या आल्या की एकीलाही बाहेर पडायला वाट मिळेना. राजवाड्यावर जायची वेळ झाली होती. त्यांनी ओला सदरा बदलला, अंगरखा चढवला आणि नानासाहेबांसमोर येऊन उभे राहिले.

नानासाहेबांनी हात मागे घेतले. "माझ्या हाताला सुपारीचे डाग आहेत, भिया. आणि ज्याच्या हातात आहे त्यानेच ठेवावी. वयाने मोठा आहेच तो."

छत गळत होतं. जयसिंगरावांनी आठले मास्तरांकडे पाहिलं. ज्याच्या डोक्यात बादली घालावी असं त्यांना वर्षभर वाटत आलं होतं, तो माणूस भिजल्या पायांनी, हात न हलवता, पगडी सांभाळून उभा होता. जयसिंगरावांनी दात आवळले आणि मान वाकवली. मास्तरांनी पगडी अलगद त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि जरा मागे सरून ती नीट बसली का ते पाहिलं.

"या, जमादारसाहेब," मास्तर म्हणाले.

जयसिंगरावांनी छाती पुढे काढली. त्याच वेळी वर, छताच्या भेगेत, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, एक मोठा थेंब हळूहळू जमत आला. तो सगळ्यांना दिसला. इंदिराबाईंना दिसला, नानासाहेबांना दिसला, आणि सगळे वर बघतायत हे बघून जयसिंगरावांनाही दिसला.

रेसिडेंटच्या बग्गीसाठी जी पगडी तसूभर हलली नव्हती, ती घेऊन जयसिंगराव चटकन एक पाऊल बाजूला झाले.

थेंब फरशीवर पडला. कोणी हसलं नाही. मास्तरांनी तर भिंतीकडे तोंड केलं. जयसिंगराव दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागे न वळता ओरडले, "तिथे बादली लावा कोणी तरी!"

मास्तर बादली आणायला वर पळाले.